मूळ प्रत

"हे पुस्तक मला फसवतंय!" ऋजुताने कादंबरी ग्रंथपाल माधुरीबाईंच्या टेबलावर आपटली. "यातली आई अंथरुणाला खिळते तिथे मला रडू फुटलं, आणि पुढच्याच पानावर ती उठून पोहे करायला लागली!"

माधुरीबाईंना नवल वाटलं नाही. हल्ली सगळीच पुस्तकं वाचणाऱ्याची नाडी बोटांतून ओळखत आणि तो खचतोय असं दिसलं की दुःख आपोआप सौम्य करत. न बदलणाऱ्या मूळ प्रती कपाटात कुलूपबंद असत. त्या हव्या तर अर्जावर घरच्या माणसाची सही लागे.

"सही आणा आणि खुशाल न्या," त्या ठसक्यात म्हणाल्या. आजवर एकाही घरच्याने सही दिली नव्हती.

तासाभरात ऋजुता आली ती आईला घेऊनच. चार वर्षांत ही बाई उंबऱ्याबाहेर पडलेली कुणी पाहिली नव्हती. तिने अर्ज सावकाश वाचला, ठसठशीत सही केली आणि आणखी एक कोरा अर्ज मागून लेकीपुढे सरकवला.

"आता माझ्यासाठी तू कर सही. मला अंथरुणातून पोह्यांपर्यंत यायला तीन वर्षं लागली. पुस्तकातल्या त्या आईला खरी किती लागली, ते वाचायचंय मला."