चार सेकंद

“हे चार सेकंद भरून काढ,” मेघा मॅडम म्हणाल्या. “इथे काहीच नाही. ना चित्र, ना आवाज. लोकांना वाटेल स्पीकर उडाला.”

“वाटू दे, मॅडम,” जैनब म्हणाली.

फिल्म दाखवायला अर्धा तास उरला होता. धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येक जोडीने भयपटाची सुरुवात करायची होती, फक्त पहिली दोन मिनिटं. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे उभं राहून सांगायचं, काय केलं, का केलं, काय शिकलो. सातांतली एकच फिल्म जळगावच्या स्पर्धेला जाणार होती. ती आपलीच असणार, याबद्दल जैनबला तिळमात्र शंका नव्हती.

बाकीच्यांनी पांढऱ्या साड्या आणल्या होत्या, पावडरचे डबे संपवले होते. जैनबने आणला लूम, कापड विणणारा यंत्रमाग. तिचे अब्बू, गफूरभाई, धुळ्यातच एका कारखान्यात चार लूम सांभाळायचे. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, मालकाला विचारून तिने तिथेच शूटिंग केलं. भरदुपार. कारखान्याला बाहेरून कुलूप. आत एकच लूम आपोआप चालतोय. खटखट, खटखट. कापड वाढतंय, समोर माणूस नाही. मग खटखट थांबते. पडदा काळा. चार सेकंद काहीच नाही. मग फिल्मचं नाव.

“एक किंकाळी टाक,” मॅडम म्हणाल्या. किंकाळी तयारही होती. जैनबची जोडीदार डिंपल हिने ती गच्चीवर जाऊन रेकॉर्ड केली होती आणि शेजारचे चार जण धावत वर आले होते. एवढी मेहनत वाया जाणार म्हणून डिंपल रुसली होती.

“मॅडम, आमच्या मोहल्ल्यात खटखट चालू असते तोवर सगळं ठीक असतं. ती थांबली की बायका दारात येऊन उभ्या राहतात. भीती तिथेच आहे.”

“पण शांतता कुणाला ऐकू येते गं?”

जैनब हसली. उत्तर तिने तोंडी परीक्षेसाठी राखून ठेवलं होतं.

पालक येऊ लागले. अब्बू इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जैनबने त्यांचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत नेलं. स्पीकरच्या मोठ्या खोक्याशेजारची खुर्ची कुणाला नको होती, ती त्यांना मिळाली. जुन्या सभागृहाची जमीन लाकडी फळ्यांची होती. अब्बूंनी सवयीने चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या.

“आवडेल ना भुताची फिल्म?” मॅडमनी विचारलं. अब्बूंनी हसून मान डोलावली. ते आपल्याला बघायला आलेत, फिल्म बघायला नाही, हे जैनबला माहीत होतं. फिल्म कशाची आहे, हेही तिने त्यांना सांगितलं नव्हतं.

खिडक्यांचे पडदे ओढले गेले. सहा फिल्म झाल्या. पांढऱ्या साड्या आल्या नि गेल्या, मुलं खिदळली. सातवी, त्यांची, सुरू होताना डिंपल कानात म्हणाली, “आजून येळ शे. टाकू का किंकाळी?”

“नको.”

खटखट सुरू झाली. स्पीकर मोठा होता, फळ्या थरथरू लागल्या. कापड वाढत गेलं. कॅमेरा जवळ गेला. खटखट थांबली.

अंधार. एक सेकंद. मागे कुणीतरी फिसकन हसलं. दोन सेकंद. आणि पहिल्या रांगेत काळोखात एक माणूस ताडकन उभा राहून ओरडला, “कौनसा लूम बंद पडा रे?”

अख्खं सभागृह किंचाळलं. सगळ्यांत मोठ्याने डिंपल. “ओ माय वं!”

दिवे लागले. मुलं हसत होती, छातीवर हात ठेवून एकमेकांकडे बघत होती. परीक्षक शालिग्राम सर मात्र हसले नाहीत.

“प्रेक्षकांत माणूस पेरलात तुम्ही,” ते म्हणाले. “हे फिल्मचं काम नाही, ही लबाडी आहे. ही फिल्म बाद.”

“सर, मी अब्बूंना काही सांगितलं नव्हतं.”

“बरोबर आवाज थांबल्यावरच उठले ना ते?” सर अब्बूंकडे वळले. “भाऊ, मुलीने सांगितलं होतं ना उठायला?”

अब्बूंनी हसून मान डोलावली.

मुलांत पुन्हा हशा पिकला. मेघा मॅडमनी कपाळावर हात मारला. डिंपलचं तोंड उतरलं.

जैनबचा आवाज मात्र जराही हलला नाही. “सर, ते सगळ्यांनाच हो म्हणतात. त्यांना तुमचा प्रश्न ऐकूच आला नाही. बारा वर्षं झाली, त्यांना काहीच ऐकू येत नाही. लूमने कान नेले त्यांचे.”

“मग आवाज बंद पडला,” सरांनी सावकाश विचारलं, “हे त्यांना कळलं कसं?”

जैनबकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ होती. याचं नव्हतं. तिने अब्बूंकडे पाहिलं. ते अजून उभेच होते, मान जरा झुकवून, खटखट पुन्हा सुरू होण्याची वाट बघत. चपला खुर्चीखाली होत्या, अनवाणी पाय लाकडी फळ्यांवर. ही फिल्म त्यांच्या कामाची नाही असं आपण धरून चाललो, याची तिला लाज वाटली. मग ती सरांकडे वळली.

“पायांनी, सर.”