नाकाखालचा बाम

बेडपॅन उचलण्याआधी शलाकाने मास्कच्या आत नाकाखाली बोटभर बाम चोपडला. नर्सिंग शिकायला येऊन तिला आठवडाच झाला होता आणि वॉर्डातला वास अंगवळणी पडला नव्हता. आज बाम जरा जास्तच झाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

खाटेवरचे तुळपुळे आजोबा घाबरले. "पोरी, रडतेस का? डॉक्टर माझ्याबद्दल काही बोलले का?"

"नाही हो आजोबा, बाम झोंबतोय." ती ओशाळली. "वास अजून सहन होत नाही मला."

"मला तरी कुठे होतो?" आजोबा पुटपुटले. "तुम्हा पोरींना त्रास नको म्हणून हल्ली पोटभर जेवतही नाही. मलाही लाव की थोडा."

तिने त्यांच्याही नाकाखाली बाम लावला. मग दोघंही डोळे पुसत हसत राहिले.

दुपारी आजोबांनी भात पुन्हा मागून घेतला.