तालुक्यातलं सगळ्यात कोरडं गाव

बिनड्रायव्हरचा टँकर आज पुन्हा वडजीतच येऊन थांबला, तेव्हा रांगेतल्या बायका सरपंच चंद्रकलाबाईंकडे बघून पदराआड हसल्या. टँकरने कुठे जायचं हे आता माणसं ठरवत नव्हती. प्रत्येक गावच्या रानात पुरलेली कांडी मातीतली ओल मोजायची आणि जिथे ओल सगळ्यात कमी, तिथे संगणक टँकर धाडायचा. वडजीच्या कांडीभोवती चंद्रकलाबाई रोज चुलीतले निखारे पुरत. कोरडेपणात गाव तालुक्यात पहिलं आलं होतं!

तेवढ्यात शेजारच्या पिंपरीहून त्यांची विहीण रिकामा हंडा घेऊन आली. लेकीच्या सासूने पाणी मागावं, असं कधी घडलं नव्हतं.

"विहीणबाई, आमची विहीर आटली हो. तुमच्या लेकीला दिवस गेलेत, म्हणून लाज सोडून आले."

चंद्रकलाबाईंनी हंडा टँकरच्या नळाखाली धरला. तो निम्मा होताच विहिणीने नळ बंद केला.

"बास. संगणक सांगतो, तुमची दशा आमच्याहून वाईट आहे. तुमच्या लेकराबाळांच्या तोंडचं काढून नेऊ का?"

रांगेत आता कुणी हसेना. चंद्रकलाबाई विहिणीला रानात घेऊन गेल्या आणि तिच्यादेखत खुरप्याने निखारे उकरू लागल्या.

विहिणीने हातातला हंडा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "हे तुमच्या लेकीला तुम्ही सांगाल, की मी सांगू?"