हितसंबंध

"ही दियोप मंडळी म्हणजे मुळात आमचे गुलाम," म्हातारे न्दियाय खुर्चीत रेलत म्हणाले. "गुलामानं मागायचं नसतं, मालक देईल ते गपगुमान घ्यायचं असतं. हं, बोल. काय हवंय तुला?"

न्योकाबीचं पेन कागदावर थांबलं.

बालआरोग्य निधीच्या नैरोबीच्या कचेरीनं तिला सेनेगलमध्ये, काओलाकला धाडलं होतं. मुलांच्या आजारांवरच्या संशोधनाला निधी देणगीतून पैसे देई. कुणाला द्यायचे, हे स्थानिक जाणकारांची पाच जणांची समिती ठरवी. मुलाखती नियमानं होतात की नाही, हे बघायचं काम न्योकाबीचं. सुरुवातीलाच तिनं विचारून घेतलं होतं, "अर्जदाराशी कुणाचं नातंगोतं, काही हितसंबंध?" सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या होत्या. न्दियाय यांनी तर जरा जास्तच जोरात.

अर्जदार डॉक्टर कुम्बा दियोप टेबलासमोर बसल्या होत्या. त्यांचं काम साधं होतं. बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का बघायचं, असेल तर लगेच औषध सुरू करायचं आणि पुढची काही वर्षं त्या मुलाचा पाठपुरावा करायचा. अशानं किती मुलं वाचतात, हे त्यांना सिद्ध करून दाखवायचं होतं. म्हणजे मग सरकारला ते देशभर करावं लागलं असतं. आतापर्यंत त्यांनी कसंबसं रेटलं होतं. आता तपासणीचं सामान संपत आलं होतं. पैसे मिळाले नाहीत तर काम बंद. मग पोर दुखण्यानं तळमळायला लागल्यावरच आईबापांना आजार कळणार, आणि तोवर पुष्कळदा उशीर झालेला असे.

"थेंब म्हणे!" न्दियाय म्हणाले. "दियोपांच्या घरात कुणाचं थेंबावर भागलंय? परातभर भात लागतो तुम्हाला. निम्मे पैसे भातात जातील आणि निम्मे मासळीत. बरं, औषध दिलंस. आया ते पोरांना रोज पाजतात कशावरून? का तेही तूच चाटून पुसून खातेस?"

न्योकाबीचे कान तापले.

"पाजतात," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "जी आई दवाखान्यात येत नाही, तिच्या घरी आमची नर्स जाते. बाटलीत औषध किती उरलंय ते बघते. गेल्या पावसाळ्यात रस्ते बुडाले, तेव्हा घोडागाडीनं गेली. एकही मूल सुटलं नाही. आणि भाताचं म्हणाल, तर न्दियायांच्या दारातून आजवर एकही दियोप पोटभर जेवून परत आलेला नाही."

कोपऱ्यात बसलेल्या समितीतल्या बाई फिसकन हसल्या. हसताय कसल्या, न्योकाबीच्या मनात आलं. बिचारी अपमान गिळून उत्तरं देतेय. न्दियाय एक एक टोमणा मारत होते, डॉक्टर एक एक मुद्दा समजावून सांगत होत्या, आणि इतर चौघं मजा बघत होते.

समितीतले एक प्राध्यापक बादियान तेवढे सभ्य निघाले. "डॉक्टर, आपलं कार्य अत्यंत मोलाचं आहे," ते हात जोडल्यासारखे करून म्हणाले. "आम्हाला आपला अभिमान वाटतो." त्यांनी प्रश्न असा एकही विचारला नाही. चला, एक तरी माणूस बाईच्या बाजूचा आहे, म्हणून न्योकाबीला हायसं वाटलं.

डॉक्टर बाहेर गेल्या तशी ती उठून उभी राहिली.

"न्दियायसाहेब, या अर्जावर तुम्हाला मत देता येणार नाही. अर्जदाराशी ज्याचं नातं आहे किंवा वैर आहे, त्यानं मतदानाला बसायचं नाही, असा नियम आहे."

"वैर?" न्दियाय इतके खदखदून हसले की त्यांची टोपी कानावर आली. मग न्योकाबीचा चेहरा बघून त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "नातं किंवा वैर, असं म्हणालात ना बाई? मग मी खरं काय ते सांगितलं तरी बाहेर आणि नाही सांगितलं तरी बाहेर."

कोपऱ्यातल्या बाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"नियम तो नियम," बादियान मृदू आवाजात म्हणाले. बाईंनी तोंड मिटलं.

न्दियाय टोपी सारखी करून निघून गेले. न्योकाबीला वाटलं, या कामात आल्याचं आज सार्थक झालं.

मतदान हात वर करून झालं. दोन हात वर गेले. बादियान यांचा हात मांडीवरून हलला नाही. "काम मोलाचंच आहे," ते म्हणाले, "पण यंदा नको." दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाली की अर्ज नामंजूर, हाही नियमच होता.

डॉक्टर अंगणात कडुनिंबाखाली बाकावर बसल्या होत्या. न्दियाय फाटकापाशी पाठमोरे उभे होते. न्योकाबीनं निकाल सांगितला.

"एका मतानं गेलं हो. मला फार वाईट वाटतंय. पण त्या माणसाला मी मत देऊ दिलं नाही, एवढं तरी तुमच्यासाठी केलं."

"कुठल्या माणसाला?"

"न्दियायना. गुलाम काय म्हणतात, खादाड काय म्हणतात!"



"ते न्दियाय आणि मी दियोप," डॉक्टर म्हणाल्या. "आमच्या या दोन कुळांनी भेटलं की एकमेकांना शिव्याच द्यायच्या असतात. वाडवडिलांपासून चालत आलंय. सख्ख्या भावाबहिणीत नसते एवढी माया असते त्यात. अर्ज कर, अर्ज कर म्हणून वर्षभर तेच तर माझ्या मागे लागले होते."

न्योकाबीनं मान वळवून फाटकाकडे बघितलं.

फाटकापासून न्दियाय चालत आले. दोघींचे चेहरे बघून त्यांना काय ते कळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. कुम्बा दियोप मान वर करून, आता हे कुठली शिवी घालतात म्हणून, वाट बघत राहिल्या.

"डॉक्टरसाहेब," न्दियाय खालच्या आवाजात म्हणाले, "मी आपली क्षमा मागतो."

"असं नका हो बोलू," कुम्बा म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.