हागारेला विचारलेला प्रश्न

"देव बोलतो म्हणजे आवाज येतो का हो?" एस्तेरबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तू रोज वाचत राहा. कळेल," ते म्हणाले.

एस्तेरबाई रोज सकाळी बायबल वाचू लागल्या. वाचून झालं की कान देऊन बसायच्या. ऐकू यायचा तो फक्त बाहेरचा नळ.

एके दिवशी हागारेची गोष्ट आली. मालकिणीच्या जाचाने पळालेली दासी. रानात देवदूत तिला नावाने हाक मारून विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? गोष्ट लहानपणापासून माहीत होती. आज मात्र त्या तिथेच थबकल्या. दासीला कोण असं विचारतं?

तेवढ्यात भांडी घासायला शेवंता आली. रोज त्या मान वर न करताच "ये" म्हणायच्या. आज त्यांनी वर पाहिलं. शेवंताच्या काखेत कपड्यांचं बोचकं होतं.

"शेवंता, कुठे चाललीस गं?" त्यांनी विचारलं, आणि आपलेच शब्द ऐकून त्या चमकल्या.

शेवंता दारातच थांबली. "घर सोडलं, बाई. नवरा फार मारतो. भांडी घासून निघणार होते. कुठे, ते ठरलं नाही."

एस्तेरबाईंनी तिचं बोचकं घेऊन आत ठेवलं. "भांडी असू दे. ठरेपर्यंत इथे राहा."