शिंकायलाही बंदी

मास्तरांना जुन्या सिनेमांचं वेड, मास्तरीणबाईंना रागदारीचं. ही दोन वेडं म्हणजे एका घरात नांदलेल्या दोन सवतीच. मास्तर टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून अख्खा सिनेमा भरून घेत, तेव्हा घरात शिंकायलाही बंदी. बाई गेल्या आणि त्यांचा आवाज ऐकायला मास्तरांनी कॅसेटी काढल्या. "बाबा, एखाद्या सिनेमात आई मध्ये बोललीच असेल की!" मुलगी म्हणाली. कुठली बोलतेय! नायिका रडल्या, दारं आपटली, बाईंचा साधा खोकलासुद्धा सापडला नाही. मग मास्तरांनी लावली ती बाईंनी रेडिओसमोर टेप ठेवून भरलेली गाणी. आलाप रंगात आला आणि मागून मास्तरांचाच आवाज कडाडला, "बंद कर गं ते रडगाणं!" मास्तर कानात प्राण आणून थांबले; आता ती भांडेल, निदान पुटपुटेल. नुसतं 'खट्' वाजलं. बाईंनी मुकाट्यानं रेडिओचं बटण दाबलं होतं. मास्तरांनी कॅसेट मागं फिरवली, ते 'खट्' पुन्हा ऐकायला.