सीमेच्या दगडाखाली

बट करंगळीएवढीही जाड नव्हती. चान्थूच्या आईने ती दोन्ही टोकांना लाल दोऱ्याने बांधली होती आणि वाऱ्याने उडू नये म्हणून मूठ अर्धवट मिटून धरली होती. केस बहुतेक पांढरे, दोन-चार अजून काळे. सकाळीच तिने विहारातल्या इतर म्हाताऱ्यांसारखा डोक्याचा गोटा करून घेतला होता. निघालं ते एवढंच.

ती खड्ड्याशी वाकली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि बट सोडली.

नव्या विहाराच्या मधोमध खणलेल्या त्या खड्ड्यात कंबोडियातलं ते गाव सकाळपासून दान टाकत होतं. सुया, म्हणजे पुढच्या जन्मी बुद्धी टोकदार होईल. वह्या-पेन्सिली विद्येसाठी. आरसे, फण्या, अत्तराच्या कुप्या रूपासाठी. कुणीतरी मोबाइलसुद्धा टाकला होता. वर बांबूंच्या मांडवाला सीमेचा, म्हणजे विहाराची पवित्र हद्द ठरवणारा, गोल दगड दोरखंडाने टांगलेला होता. ऊन उतरलं की दोर तोडायचा. दगड खाली गेला की खड्डा कायमचा बंद. असा दिवस माणसाच्या आयुष्यात एकदा आला तर आला.

चान्थूच्या हातात एक कोरी पेन्सिल होती. ती तिथल्याच माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची. माणूस एका किडनीवर व्यवस्थित जगतो, हे ती दर वर्षी फळ्यावर आकृती काढून मुलांना सांगायची. तिच्या धाकट्या भावाच्या, बोरिनच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तिची त्याला जुळते, असं व्हिएतनाममधल्या साइगॉनच्या डॉक्टरांनी पावसाळ्यातच कळवलं होतं. आता भाताची कापणी होऊन शेतं भेगाळली, नववर्ष तोंडावर आलं, तरी तिने हो म्हटलं नव्हतं.

नाहीही म्हटलं नव्हतं. "अंगातलं काही कापून दिलं, की पुढच्या जन्मी माणूस त्याच्याविना येतो," आई म्हणायची. "माझी चालली असती तर आजच दिली असती. माझं काय, पुढचा जन्म कसाही काढीन. पण एका लेकराला वाचवायला दुसरं अधू करू?" एवढं बोलून ती रडायला लागायची. चान्थूने तिला आकृती काढून दाखवली होती. आईने ती शेवटपर्यंत नीट पाहिली होती. मग म्हणाली होती, "ही या जन्माची झाली. पुढच्याची काढ."

चान्थूने कागद घडी करून ठेवला होता. खरं तर दिवा मालवल्यावर तिचाही हात आपसूक पाठीकडे जायचा, फासळीच्या खाली, आणि तिथेच थांबायचा.

"सरक ताई. मास्तरीण झालीस म्हणून सगळी जागा तुझी नाही."

बोरिन होता. चेहरा सुजलेला, दंडावर कालच्या सुयांची पट्टी. नॉम पेन्हला जाऊन रक्त गाळून घेऊन आला, की दुसऱ्या दिवशी तो असाच दिसायचा. हातात गार पाण्याची मोठी बाटली होती; डॉक्टरांनी त्याला दिवसाला मोजून दोन-तीन पेलेच पाणी प्यायला सांगितलं होतं.

"काय आणलंयस रे?" विधी सांगणाऱ्या आचार्य थाय यांनी विचारलं. गावातली सगळी पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. "सोनंबिनं आहे का?"

"सोन्याहून महाग आहे, आजोबा. सोनं मोजून वापर असं डॉक्टर म्हणत नाहीत."

त्याने झाकण काढलं आणि बाटली खड्ड्यात उपडी केली. पाणी सुयांवरून, फण्यांवरून, आईच्या बटेवरून वाहत गेलं.

"अरे, वह्या भिजवल्यास!" मागून एक बाई ओरडली. "पुढच्या जन्मी आमची पोरं नापास व्हायची!"

सगळे हसले. बोरिनही हसला. शेवटचा थेंब त्याने झटकून काढला. मग कुणाचं लक्ष नाही असं समजून कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"पुढच्या जन्मी पोटभर पिणार," तो म्हणाला. "या जन्मी राहिलं तर राहिलं."

चान्थूने ते पाहिलं. मग खड्ड्यात पाहिलं. ओली बट सुयांच्या पुड्यावर चिकटली होती.

"आई, केस कशाला टाकलेस?"

"हे काय विचारणं झालं? जन्मभर उंदराच्या शेपटीएवढी वेणी घातली. पुढच्या खेपेला गुडघ्यापर्यंत हवेत मला."

"पण दिलेस ना? मग टकली नाही का जन्मायचीस?"

"ऐका हो आचार्य, शिकल्यासवरल्या बाईचं!" आईने कपाळाला हात लावला. "अगं, दिलेलं कधी कमी होतं का? दुणावून येतं. म्हणून तर अख्खं गाव इथे उन्हात उभं आहे."

"आणि केस अंगातलेच ना?"

  आईचा हात डोक्याकडे गेला आणि भादरलेल्या त्वचेवरून हळूच फिरला.

आचार्यांनी कोयता उचलला. "चला, ऊन उतरलं. कुणाचं काही द्यायचं राहिलंय?"

चान्थूने पेन्सिल पिशवीत परत ठेवली. शाळेत लागणार होती.

"माझं राहिलंय, आजोबा. पण ते इथे नाही टाकायचं." आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "बोरिनला माझी किडनी देते मी, आई. पुढच्या जन्मी कमी पडायची नाही मला."